दुबईच्या नोकरीसाठी निघण्यापूर्वी: कागदांचा क्रम आणि मुक्कामाचे नियम

कोकणातल्या अनेक घरांतून एक तरी माणूस आखातात गेलेला असतो, त्यामुळे दुबईला कसे जावे याचे सल्ले भरपूर मिळतात. मात्र ते बहुधा तिकीट, खोली आणि पगार यांविषयीचे असतात. संयुक्त अरब अमिरातीत नोकरदाराची फसवणूक होते, तिचे मूळ पुष्कळदा विमान सुटण्यापूर्वीच न वाचलेल्या एखाद्या कागदात असते, म्हणून येथे कागदांच्या क्रमानेच माहिती दिली आहे.

प्रथम आपला पासपोर्ट पाहावा. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांचा पासपोर्ट सामान्यतः ‘ईसीआर’ (इमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, म्हणजे जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक) प्रकारचा असतो आणि असा पासपोर्टधारक अमिरातीसह अठरा अधिसूचित देशांत नोकरीसाठी जाणार असेल, तर १९८३ च्या उत्प्रवास कायद्यानुसार त्याला उत्प्रवास अनुमती, म्हणजे परदेशी नोकरीला जाण्याची सरकारी परवानगी, घ्यावी लागते. हे काम ‘ई-मायग्रेट’ या सरकारी संकेतस्थळामार्फत होते. दहावी उत्तीर्ण असूनही पासपोर्टवर ईसीआर असेल, तर गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र जोडून तो आधीच बदलून घ्यावा. ईसीआर कामगारांना प्रवासी भारतीय विमा योजनाही बंधनकारक आहे. २७५ रुपयांत दोन वर्षे किंवा ३७५ रुपयांत तीन वर्षे, अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यांसाठी १० लाख रुपयांचे संरक्षण तिच्यात मिळते. इतक्या स्वस्तात इतके संरक्षण देणारा दुसरा कागद या सगळ्या प्रवासात नाही.

नोकरी मिळवून देणारा एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे त्याच्या कार्यालयाच्या थाटावरून ठरत नाही. त्याचा परवाना क्रमांक मागून तो ई-मायग्रेटवरील यादीत स्वतः तपासावा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ३५,४०० रुपये घेता येतात, आणि त्याची पावती देणे त्याचे काम आहे. ‘व्हिसाचे’ म्हणून लाख-दीड लाख मागणाऱ्याला एवढेच विचारावे की, अमिरातीच्या कामगार कायद्याने भरती आणि नियुक्तीचा खर्च मालकावर टाकलेला असताना हे पैसे कशाचे?

‘आत्ता व्हिजिट व्हिसावर चला, तिथे गेल्यावर बदलून देऊ’ हे वाक्य ऐकताच थांबावे. अशा व्हिजिट, म्हणजे पर्यटक, व्हिसावर काम करणे तेथे बेकायदा आहे. अशा कामाचा पगार बुडाला, तर तक्रार घेऊन जाणाऱ्याला आधी स्वतःच्याच बेकायदा कामाचा जाब द्यावा लागण्याची भीती असते.

खरी प्रक्रिया ऑफर लेटरपासून सुरू होते. मुख्य भूभागावरील, म्हणजे मुक्त क्षेत्राबाहेरील (फ्री झोनबाहेरील), कंपनीला ते मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यात द्यावे लागते. हा नमुना अरबी आणि इंग्रजीसोबत कामगाराला समजेल अशा तिसऱ्या भाषेतही मिळतो. त्या भाषांत मराठी नाही, पण हिंदी आहे, तेव्हा हिंदी प्रत आवर्जून मागावी. पुढे होणारा करार या पत्रापेक्षा कामगाराला तोट्याचा असता कामा नये, म्हणून सही केलेली प्रत घरी ठेवूनच निघावे.

या पत्रात सर्वांत जास्त वेळ मूळ वेतनाच्या आकड्यावर घालवावा. एकूण पगार २,००० दिरहम, पण मूळ वेतन फक्त ८०० आणि बाकीचे भत्ते, अशी विभागणी सर्रास दिसते. दरमहा हातात पडणारी रक्कम तीच राहत असल्याने या विभागणीकडे कोणी लक्ष देत नाही. परंतु नोकरी संपताना मिळणारे उपदान (ग्रॅच्युइटी) पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांच्या मूळ वेतनाइतके असते, आणि जादा कामाचा मोबदलाही मूळ वेतनावरच मोजला जातो. मूळ वेतन ८०० असेल, तर पाच वर्षांचे उपदान २,८०० दिरहम होते. तेच २,००० असते, तर ७,००० झाले असते. घासाघीस करायची असेल, तर ती या आकड्यावर करावी.

घरकामगारांना वेगळा कायदा लागू आहे, आणि मुक्त क्षेत्रांतील कंपन्यांचे करार त्या त्या क्षेत्राच्या प्राधिकरणामार्फत होतात. अशा नोकरदारांनी आपली पत्रे त्या नियमांशी ताडून पाहावीत.

नोकरीच्या प्रवेश परवान्यावर उतरल्यानंतर साधारण ६० दिवसांत वैद्यकीय तपासणी, एमिरेट्स आयडी या तेथील ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे आणि रहिवासाचे कागद पूर्ण व्हावे लागतात. रहिवास सामान्यतः दोन वर्षांचा असतो. २०२२ पासून पासपोर्टवर त्याचा शिक्का मारला जात नाही. एमिरेट्स आयडी हाच त्याचा पुरावा आहे. पासपोर्ट मालकाने ठेवून घेणे बेकायदा आहे. सलग सहा महिन्यांहून अधिक काळ देशाबाहेर राहिल्यास रहिवास सामान्यतः रद्द होतो, त्यामुळे गावी लांब मुक्काम करणाऱ्यांनी दिवस मोजावेत.

परिवीक्षेचा (प्रोबेशनचा) काळ सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. त्या काळात देश सोडून परतायचे असेल तर १४ दिवसांची, आणि तेथेच दुसऱ्या मालकाकडे जायचे असेल तर एक महिन्याची लेखी पूर्वसूचना द्यावी लागते. न सांगता निघून गेल्यास मालक गैरहजेरीची तक्रार नोंदवू शकतो, आणि मग कामाचा नवा परवाना मिळणे अवघड होते.

नोकरी संपल्यावर परवाना रद्द होतो. त्यानंतर दुसरी नोकरी शोधण्यासाठी किंवा परतण्यासाठी सवलतीची मुदत मिळते. ती उलटल्यावर दररोज ५० दिरहम दंड चढतो. मालकाने सर्व येणे १४ दिवसांत चुकते करायचे असते. रद्दीकरणाच्या अर्जावर मात्र ‘माझे सर्व येणे मिळाले’ अशी ओळ छापलेली असते, आणि रक्कम खात्यात जमा झाल्याचे पाहिल्याशिवाय तिच्याखाली सही करू नये.