आपली टॉकीज बंद होतेय, निरोप कसा घ्यायचा

सगळ्यात आधी हे सांगतो, शेवटच्या खेळाची वाट बघत बसू नका. त्या दिवशी गर्दी असते, जो तो फोटो काढत असतो आणि आपली टॉकीज त्यात दिसतच नाही. बंद होणार हे पक्कं कळलं की त्याच आठवड्यात एखाद्या मंगळवारी-बुधवारी बाराच्या खेळाला जा, पिक्चर कुठलाही असू दे. आमची सोलापुरातली टॉकीज बंद होणार कळल्यावर मी तसंच केलं, आत वीसेक माणसं होती, पंखे घरघरत होते, आणि माझ्यासाठी खरा निरोप तोच झाला.

बसायचं ते लहानपणी बसायचो तिथंच. मी लोअर स्टॉलला, डाव्या भिंतीकडं. तिथंच बसून शेजारच्या मावशींनी मला कितीतरी तेलुगू पिक्चर कानात मराठीत सांगितलेत. त्या आणि आई दोघी बिड्या वळायच्या, कारखान्यात माल दिला की तशाच मॅटिनीला, पदराला तंबाखूचा वास, आणि हिरोचं वाक्य ऐकून मावशी आधी स्वतः पोटभर हसायच्या मग मला सांगायच्या, तोवर पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असायची. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, सगळ्या घरातली माणसं एका रांगेत, आणि शिट्टी सगळ्यांची एकाच जागी. म्हणून सांगतो, ज्यांच्यासोबत तिथं पिक्चर बघितले त्यांना घेऊन जा. गुडघे दुखत असतील तर बाल्कनीचा हट्ट धरू नका, खालचं तिकीट काढा.

खेळ सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मोबाईलवर नुसता आवाज रेकॉर्ड करून घ्या. घंटा, खुर्च्यांची आपटाआपटी, बाहेरून येणारा रिक्षांचा आवाज. फोटो सगळ्यांकडं असतात, आवाज कुणाकडंच नसतो. पिक्चर लागला की मात्र मोबाईल खिशात, पडद्याचं शूटिंग अजिबात नको, सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या 2023 च्या दुरुस्तीनंतर त्याला कमीत कमी तीन महिने कैद आणि तीन लाख दंड आहे.

मग पिक्चर चालवणाऱ्या ऑपरेटरला भेटा. कारण सगळी टॉकीज त्यांच्या डोक्यात असते आणि त्यांना कुणी विचारत नाही. इंटरव्हलमध्ये घाईत नको, खेळ सुटल्यावर, चहा घेऊन जा, मॅनेजरना आधी विचारून. आमच्या ऑपरेटर मामांना मी केबिन बघू का विचारलं तर म्हणाले, "या की ओ वर, आता कोण अडवतंय." जुनं मशीन कोपऱ्यात कापडाखाली होतं. त्यांनी हात लावून दाखवलं, पडद्यावरच्या उजेडासाठी कार्बनच्या कांड्या इथं जळायच्या, एक रीळ साधारण वीस मिनिटांचं, तीन तासांच्या पिक्चरला आठ-नऊ रिळं, आणि रीळ संपत आलं की पडद्यावर उजवीकडं वरच्या कोपऱ्यात ठिपका येतो तो बघून दुसरं मशीन चालू करायचं. तो ठिपका मी आयुष्यभर बघितला होता आणि फिल्म खराब झालीय असं समजत होतो. असं काही सांगायला लागले तर मध्ये बोलू नका, परवानगी घेऊन रेकॉर्ड करा.

आठवण म्हणून काही न्यायचं असेल तर मागून न्या. खुर्चीचा नंबर उचकटून नेणारे बघितलेत मी, वाईट वाटतं. खुर्च्या, लोखंड बहुतेक भंगारात जातं, त्यामुळं आधीच मॅनेजरना सांगून ठेवलं तर एखादी खुर्ची रीतसर पैसे देऊन मिळू शकते. जुने पोस्टर, शोकार्ड म्हणजे बाहेर लावायचे पिक्चरच्या फोटोंचे कार्ड, गाण्यांच्या पुस्तिका मिळाल्या तर सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको, सपाट ठेवा, पोस्टर मोठा असेल तर सैल गुंडाळा. फिल्मच्या तुकड्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर तो सडायला लागलाय, बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. आणि खूपच जुनं काही सापडलं तर रद्दीवाल्याकडं जायच्या आधी पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाला कळवा, 1964 पासून ते हेच काम करतायत, पोस्टर-पुस्तिकासुद्धा जपतात. छपाईच्या मशीनमधून निघालेली तिकिटं असतील तर आजच फोटो काढा, त्यांची अक्षरं हळूहळू उडून जातात.

शेवटच्या खेळालाही जा, जायचंच. पण त्या दिवशी टाळ्या वाजवून लगेच पार्किंगकडं पळू नका. डोअरकीपर, बुकिंगवाले, कँटीनवाले, झाडणाऱ्या मावशी, एकेकाला नाव घेऊन भेटा, उद्यापासून कुठं काम बघितलंय ते विचारा, कुणाकडं ओळख असेल तर शब्द टाका. नंबर घ्या. मी डोअरकीपर मामांचा घेतलाय, गड्ड्याच्या, म्हणजे आमच्या सिद्धेश्वराच्या जत्रेच्या वेळी होम मैदानावर भेटायचं ठरलंय, ते नातवाला घेऊन येणार आहेत.