देवगडला पायी जायचे तर

ट्रेकला काय न्यावे याच्या मराठीत फिरणाऱ्या याद्या बहुतेक सह्याद्रीसाठी केलेल्या असतात. त्यांत रेनकोट पहिला असतो, जळवांचा बंदोबस्त दुसरा, आणि पाण्याचा प्रश्न ‘वर टाके आहे’ एवढ्यावर मिटतो. नागपूरहून निघणाऱ्याचे रान निराळे आहे. आपला सातपुडा सागाचा, पानगळीचा, दिवाळी उलटली की कोरडा पडत जाणारा. इथे पाणी, ऊन आणि उजेड या तिन्हींचा हिशेब आधी बसवायचा, सामानाचा विचार त्यानंतर.

ही यादी मी देवगड डोळ्यांपुढे ठेवून करते आहे. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, मोहखेड तहसिलीत, दाट झाडीने वेढलेल्या टेकडीवर हा गोंडांचा किल्ला आहे आणि खाली त्याच नावाचे गाव. इथल्या जाटबा राजाची नोंद अकबराच्या दरबारी लिखाणात सापडते. त्याच घराण्यातल्या बख्त बुलंद शहाने १७०२च्या सुमारास बारा खेडी एकत्र करून नागपूर वसवले. म्हणजे नागपूरकराने देवगडला जाणे हे मूळ गावी जाण्यासारखेच आहे. तिथे तयारीनिशी, सवड काढून जावे असे मला मनापासून वाटते. नुसता गड बघून परतायचे तर अर्धा दिवस पुरेल. गावातून, शिवारातल्या दगडी बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, पाहत, झाडीतून पायी फिरायचे असेल तर अख्खा दिवस हाताशी हवा.

तारीख आधी ठरवा, सोबती मागून जमतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंतचा काळ उत्तम. ऑक्टोबरात गवत छातीएवढे असते, पायाखाली दगड आहे की खड्डा ते कळत नाही. मार्च लागला की मोहफुले गळू लागतात. ती वेचायला गावातली माणसे पहाटेच रानात शिरतात आणि त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळण्याची पद्धत अजून आहे, तिथूनच वणवे पसरतात. त्या दिवसांत पहाटेचे रान वेचणाऱ्यांसाठी सोडावे. तुम्ही हौसेखातर जाणार, त्यांचे वर्षाचे पैसे त्या फुलांत असतात.

तारीख ठरली की कागदावर पहिली वेळ लिहायची ती परतीची. डिसेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि टेकडीच्या सावलीतल्या वाटेवर त्याच्याही बराच आधी अंधारून येते. अडीच वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचे, गडाचा एखादा कोपरा बघायचा राहिला तरी. हे निघण्याआधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. वर गेल्यावर ‘आणखी दहा मिनिटं’ म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतोच. टॉर्च तरीही प्रत्येकाजवळ वेगळा हवा, आणि मोबाइलचा उजेड टॉर्चमध्ये धरू नका.

आता पाणी. थंडीतसुद्धा माणशी तीन लिटर, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर. एकाच मोठ्या कॅनमध्ये सगळ्यांचे पाणी भरले की कॅन धरणारा मागे पडतो आणि पुढचे तहानलेले राहतात. गाडीत आणखी एक भरलेला कॅन परतीसाठी ठेवा. गडावर मोती टांका नावाचे टाके आहे, गावात बावड्या आहेत, पण ते पाणी पिण्यासाठी हिशेबात धरू नका. नागपूरची थंडी फसवी असते: सकाळी स्वेटर घालून निघतो, अकराला घाम सुटतो, आणि हवा कोरडी असल्यामुळे घाम जागच्या जागी सुकतो, किती गेला ते कळतच नाही. म्हणून तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाने चार घोट घ्यायचे. ओआरएसची पाकिटे घ्या. नसतील तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण अंदाजाने वाढवायचे नाही, मीठ जास्त झाले तर उलट त्रास होतो. डोक्याला टोपीपेक्षा सुती दुपट्टा बरा. त्याने मान आणि कान झाकतात, शिवाय तो दुसऱ्या एका कामाला लागतो, ते पुढे सांगते.

कपड्यांच्या बाबतीत आपल्या रानाचा खरा त्रास कुसळांचा. कुसळी गवताच्या बीला मागे लांब शेपटी असते. ओल-कोरड बदलली की ती शेपटी पिळवटते आणि बी स्क्रूसारखी आत शिरत जाते. टोकाजवळचे बारीक केस मागे वळलेले असल्याने उलटी ओढली तर ती आणखी अडकते, टोकाच्या दिशेने पुढे काढली की सहज निघते. जाळीदार स्पोर्ट्स बूट आणि लोकरी मोजे ही कुसळांची आवडती जागा, तेव्हा बूट जाड कापडाचे किंवा चामड्याचे घाला आणि पँट घट्ट विणीची. घोट्यावर पँट मोज्यात खोचा किंवा वरून कापडी पट्टी गुंडाळा. बुटांचा तळ खोल खाचांचाच हवा, कारण जानेवारीपासून सागाची पाने गळून उतारावर थर साचतो. पापडासारखी वाजणारी ती मोठी पाने एकावर एक सरकतात आणि खालच्या मुरमासकट पाय घेऊन जातात. उतरताना सरळ न उतरता तिरके उतरावे, काठी पुढे टेकून आधी खालचे चाचपावे. काठीचा आवाज सापालाही सावध करतो.

खाजकुहिली ओळखायला शिका: वेलीवर लटकणाऱ्या मखमली, सोनेरी-तपकिरी लवेच्या शेंगा. लहान मुले सोबत असतील तर त्यांना ती आधी दाखवून ठेवा, कारण दिसायला शेंग हात लावावी अशीच असते. लव अंगाला लागली तर चोळू नये. रुंद चिकटपट्टी दाबून उचलावी, मग धुवावे. चिकटपट्टीचे एक रीळ यासाठीच पिशवीत टाका.

दुपट्ट्याचे दुसरे काम आग्या मोहोळाचे. जुन्या कमानी, पडके महाल, कड्याची कपार या त्यांच्या ठरलेल्या जागा आहेत आणि कुठल्याही जुन्या किल्ल्यात हे सगळे एकाच ठिकाणी मिळते. त्या दिवशी अत्तर, डिओ, केसांचे सुगंधी तेल काही लावू नका. कमानीखाली शिरण्याआधी मान वर करून बघा. मोहोळ दिसले तर आवाज न करता वळसा घाला. विडी-सिगारेट, चूल, ड्रोन यांतले काहीही तिथे नको. माश्या उठल्याच तर हात झटकायचे नाहीत. दुपट्ट्याने डोके आणि चेहरा झाकून, दिसेल त्या वाटेने लांब पळायचे आणि जमल्यास गाडीत शिरून काचा लावायच्या. नांग्या नखाने खरवडून लवकर काढा. अनेक डंख झाले असतील, श्वास लागत असेल किंवा चेहरा सुजत असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, सरळ दवाखाना गाठा.

सापाचेही तसेच. दोरी बांधणे, कापणे, चोखणे, मांत्रिक यांतले काही करायचे नाही. अंगठ्या, कडी, बांगड्या काढायच्या, चावलेला हातपाय फळीसारखा स्थिर ठेवायचा, माणसाला चालू द्यायचे नाही आणि प्रतिविष मिळेल अशा सरकारी रुग्णालयात न्यायचे. वाटेवरचे असे जवळचे रुग्णालय कोणते, हे घरी बसून शोधून लिहून ठेवा. १०८ला फोन लावण्यासाठी रेंज लागते, म्हणून रेंज शेवटची कुठे होती याकडे चालताना लक्ष असू द्या. बाकी औषधांत रोजच्या गोळ्या, क्रेप बँडेज, कापूस, जंतुनाशक, आणि ॲलर्जी असेल तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी.

जेवण सोपे ठेवा. दशम्या, जवसाची चटणी, गूळ-फुटाणे, फल्लीदाणे, संत्री. काहीही गरम करायचे नाही. डबे पाठीवरच्या बंद बॅगेत ठेवा, हातातली प्लॅस्टिकची पिशवी वानरांना लांबून कळते. सालीसकट सगळा कचरा परत आणायचा.

पंधरा दिवस आधी पायांची परीक्षा घ्या. त्यासाठी रामटेकपेक्षा चांगली जागा आपल्याजवळ नाही. गाडीने वर न जाता अंबाळा तलावाकडच्या पायऱ्यांनी गड चढा, वाकाटककालीन नरसिंहाची देवळे सावकाश पाहा आणि उतरून नगरधनला जा. वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता जिथून राज्यकारभार पाहत होती ते नंदिवर्धन म्हणजे हेच. नवे बूट याच दिवशी घाला. टाचेला फोड यायचा तो इथे येऊ द्या. मानसिंगदेव आणि पेंच इथून लांब नाहीत, पण तिकडच्या अभयारण्यात आपल्या मनाने पायी शिरायचे नाही. देवगडकडेही वाट सोडून राखीव जंगलात जायचे असेल तर आधी वनरक्षकाला विचारावे.

गावाची तयारी सामानात मोजली जात नाही, तरी माझ्या लेखी ती पाण्याच्या खालोखाल महत्त्वाची. देवगडला पोचल्यावर आधी गडाकडे न धावता गावात थांबा. जोहार-रामराम घाला, कुठे जाणार ते सांगा, वाट दाखवायला कुणी येईल का विचारा. येणाऱ्याची मजुरी निघण्याआधी ठरवा आणि ती दिवसभराच्या मजुरीएवढी तरी असू द्या. सुट्टे पैसे जवळ हवेत. ‘आठशे विहिरी, नऊशे बावड्या’ असे तिथे सांगतात. त्यांतल्या कुठली सुरक्षित आणि कुठली ढासळलेली, हे गावच्या माणसालाच ठाऊक असते. बावडीच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात, शेवटच्या पायरीपर्यंत उतरू नका. पाणी भरणाऱ्या बायांचे फोटो न विचारता काढू नका. झाडाखाली ठेवलेले दगड हलवू नका, त्यांना टेकून बसू नका. साजाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडात गोंडांचा बडादेव वसतो, त्याची फांदी तोडायची नाही, बूट-बॅगाही तिथे टाकायच्या नाहीत. पांदणीने जाताना वावरातून आडवे न जाता धुऱ्यावरून चाला.

फोनमध्ये त्या भागाचा नकाशा आदल्या रात्रीच उतरवून ठेवा, पॉवर बँक चार्ज करा, आणि डोंगराआड गेल्यावर फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर रेंज शोधण्यातच बॅटरी संपते. घरच्यांसाठी एका कागदावर कोण कोण जाणार, गाडीचा नंबर, गडाचे आणि गावाचे नाव, वाटेवरच्या सौंसर गावाहून परतीचा फोन किती वाजता येईल आणि तो नाही आला तर किती वाजता ११२ लावायचा, एवढे लिहून तो फ्रिजवर लावा.