साचा बिघडतो तो रेझिन ओतण्याआधीच: या चुका टाळा

मॉडेलवर पातळ सिलिकॉन रबर ओतून साचा करायचा आणि त्यात रेझिन, म्हणजे घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, ओतून तशीच प्रतिकृती काढायची, असं हे काम. मालवणला घरच्या पडवीत मी पहिला साचा केला तो फणसाच्या लाकडात कोरलेल्या वीतभर होडीचा. दुसऱ्या दिवशी सिलिकॉन सोलायला घेतलं, तर नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, ते लाकडात रुतून बसलेलं. जोर लावला तसे लाकडाचे धागे रबराबरोबर उपटून आले. पंधरा दिवसांचं कोरीवकाम गेलं.

चूक एवढीच, की लाकडाची छिद्रं बुजवली नव्हती. लाकूड, शाडू, प्लास्टर, सगळंच सिलिकॉन आत ओढून घेतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडा लाखेचे दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि मग व्हॅसलीनचा अगदी पुसट थर लावा. जाड लावलंत तर ब्रशच्या रेषासुद्धा साच्यात उतरतात. मॉडेल काचेवर ठेवून ओतू नका. सिलिकॉन काचेला चिकटतं. साचा दोन भागांचा असेल, तर दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्याला व्हॅसलीन लावायला विसरू नका. नाहीतर दोन्ही भाग एकजीव होतात आणि सुरीच घ्यावी लागते.

साचा बाहेरून घट्ट झालाय, पण मॉडेलला लागून चिकट राहिलाय? तर बहुतेक वेळा दोष गंधकाचा असतो. काही मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं आणि प्लॅटिनम सिलिकॉन (प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारा प्रकार) त्याच्यापुढे सुकतच नाही. लॅटेक्सचे हातमोजेही तोच घात करतात, म्हणून नायट्राइलचे वापरा. नवी क्ले आणली की कोपऱ्यात चमचाभर सिलिकॉन लावून आधी बघायचं.

सिलिकॉन किती लागेल? मॉडेल खोक्यात ठेवून भोवती वरपर्यंत तांदूळ भरा, मग तेच तांदूळ मापात ओता. महागडं सिलिकॉन अर्ध्यावर संपण्याची वेळ येत नाही.

आता आपल्या हवेचं. पॉलियुरेथेन रेझिनचा पाण्याशी संबंध आला की कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि कास्ट, म्हणजे ओतलेली प्रतिकृती, पावासारखी फुगते. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या लागतात. त्या दिवसांत मी हे रेझिन उघडतच नाही. तळाला किनाऱ्यावरची वाळू घालायची हौस असेल, तर ती गोड्या पाण्याने धुऊन कडकडीत वाळवा, कारण वाळूतलं मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. इपॉक्सी या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनला दमट हवेत वर मेणचट, पांढुरकी साय धरते. ती कोमट साबणपाण्याने धुऊन निघते. रंग मात्र धुतल्यावरच द्यायचा.

इपॉक्सी दिवसभरानेही चिकट असेल, तर हवेला दोष देण्याआधी माप तपासा. डब्यावरचं प्रमाण वजनाचं आहे की आकारमानाचं? मिश्रण सावकाश ढवळा, कडा-तळ खरवडा, मग दुसऱ्या कपात ओतून पुन्हा ढवळा. जाड थर एकदम ओतू नका, आतल्या उष्णतेने तडे जातात. खिडक्या उघड्या ठेवा, स्वयंपाकघरातलं भांडं यात कधीही वापरू नका.

शेवटची अडचण उलांडीची, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला दांड्यांवर बांधलेल्या तरंगत्या लाकडाची. तिचे दांडे इतके बारीक, की टोकाशी हवा अडकून दांडा अर्धवटच निघतो. मी साच्यात टाल्कम पावडर भुरभुरून झटकतो, दांड्याच्या टोकापासून बाहेरपर्यंत हवेची बारीक वाट कापतो आणि साचा तिरका धरून खालच्या बाजूने हळूहळू भरतो. तरीही टोक तुटत असेल, तर उलांडी वेगळी ओतून नंतर जोडा.