जिऑलॉजी करताय? मग या चुका टाळा

मागच्या आठवड्यात एमएस्सी झालेला एक मुलगा आमच्याकडे इंटरव्ह्यूला आला होता. मार्क चांगले, बोलणंही नीट. मी त्याच्यासमोर कोअर बॉक्स ठेवला, म्हणजे ड्रिलिंग करून काढलेल्या खडकाच्या दांड्याचे तुकडे, एका वेळी काढलेला दीड मीटरचा एक रन, आणि म्हटलं याचा आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे त्याची टक्केवारी, काढ. व्याख्या त्याने धडाधड सांगितली, मग टेप हातात घेतली आणि तिथेच थांबला. कारण कुठला तुकडा धरायचा, कुठला सोडायचा, आणि ड्रिलिंग करताना तुटलेला तुकडा कसा ओळखायचा हे त्याला कुणी कधी दाखवलंच नव्हतं. मग शेजारी बसून दाखवलं. तुटलेली बाजू ताजी, स्वच्छ आणि खडबडीत दिसली तर ती मशीनने तोडलीय, तिथे दोन्ही तुकडे जोडून एकच धरायचा, आणि बाजूवर तांबूस डाग, माती किंवा पांढरं झिओलाइट खनिज बसलेलं असेल तर तो खडकातला मूळचा सांधा, म्हणजे नैसर्गिक भेग. १० सेंटिमीटर आणि त्याहून लांब तुकड्यांची बेरीज आली ९६, भागिले १५०, म्हणजे ६४ टक्के, मध्यम दर्जाचा खडक. पंधरा मिनिटांत शिकला पोरगा! हुशारी होतीच, पण पाच वर्षांच्या शिक्षणात कोअरला हातच लागला नव्हता.

फर्ग्युसन, एसपी, वाडिया, विद्यापीठ, कुठूनही मुलं येवोत, बहुतेक सगळे याच ठिकाणी अडकतात म्हणून हे लिहायला घेतलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे जीएसआय (जिऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया) नाहीतर काहीच नाही असं ठरवून टाकणं. परीक्षा द्या, जरूर द्या, नोकरी चांगली आहे आणि कामही मोठं आहे. यूपीएससीच्या कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्टचं नोटिफिकेशन साधारण सप्टेंबरमध्ये येतं, प्रीलिम पुढच्या फेब्रुवारीत, पहिला पेपर जनरल स्टडीजचा १०० मार्कांचा, दुसरा विषयाचा ३०० चा, मग मेन्सला २०० चे तीन पेपर आणि २०० चा इंटरव्ह्यू. यातला जनरल स्टडीजचा पेपर मुलं शेवटच्या महिन्यावर ढकलतात आणि तिथेच मार्क सांडतात. पण खरं नुकसान होतं ते वेगळंच, तीन-तीन वर्षं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसून राहायचं आणि या काळात एकही फील्ड नाही, एकही प्रोजेक्ट नाही. वयाची अट जनरलला ३२ पर्यंत आहे, म्हणजे काम करत करत अटेम्प्ट देता येतात. शिवाय मेन्सला जिओटेक्निकल आणि भूजलावर प्रश्न असतातच, साइटवर काम केलेल्याचं उत्तर वेगळं वाचलं जातं असं मला मनापासून वाटतं.

आणि याच्याही आधीची एक चूक, जी कळते तेव्हा उशीर झालेला असतो. बीएस्सी जिऑलॉजी करून पुढे एमएस्सी एन्व्हायर्नमेंटल सायन्स किंवा जिओइन्फॉर्मॅटिक्सला ॲडमिशन घेतात, विषय छानच आहेत, पण जिऑलॉजिस्टच्या पदासाठी नोटिफिकेशनमध्ये डिग्रीच्या नावांची यादीच असते आणि तुमच्या डिग्रीचं नाव त्यात नसेल तर पुढे कितीही अभ्यास करा, फॉर्मच टिकत नाही. म्हणून ॲडमिशन घ्यायच्या आधी गेल्या वर्षीचं नोटिफिकेशन उघडा आणि ती यादी स्वतः वाचा, सीनियरने सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका. पुण्याबाहेर शिकायला जायचं असेल तर बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी जॅम (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा), एमएस्सीत असताना गेट (त्यापुढच्या शिक्षणासाठी). गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो.

आता आपल्या पुण्याची म्हणून एक खास अडचण. इथे चहूबाजूला बेसॉल्ट. वेताळ टेकडीवर जा, कात्रजला जा, सिंहगडावर जा, फ्लो, म्हणजे लाव्हाचे थर, जवळपास आडवेच. मग विद्यार्थी ब्रंटन कंपास घेऊन डिप, म्हणजे थराचा कल, मोजणार कशाचा? लॅबमध्ये लाकडी ब्लॉकवर मोजतात आणि झालं असं समजतात. नंतर राजस्थानात किंवा हिमालयातल्या बोगद्यावर गेलं की पहिल्याच दिवशी गोंधळ. यावर उपाय आहे, बेसॉल्टमधले सांधे मोजा! रोड कटमध्ये उभे सांधे भरपूर असतात, एका जागी ५० रीडिंग घ्या आणि स्टिरिओनेटवर (दिशा आणि कल मांडायच्या गोल आलेखावर) टाकून एकाच दिशेच्या सांध्यांचे सेट वेगळे करा, कारण बोगद्यात आणि उताराच्या कामात हेच लागतं. एक मात्र लक्षात ठेवा, बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, कंपास खडकाला अगदी चिकटवला की सुई फिरू शकते, म्हणून थोडं मागे उभं राहून दुसरं रीडिंग घेऊन ताडून बघा आणि हातोडी लांब ठेवा. आणि सुट्टीत एकदा तरी सिंधुदुर्गात जाऊन या, नाइस, शिस्ट, क्वार्टझाइट सगळं आपल्याच राज्यात बघायला मिळतं. वाघोलीच्या खाणींतलं निळंशार कॅव्हनसाइट खनिज जगभरच्या संग्रहांत आहे आणि पुण्यात शिकलेल्या कितीतरी मुलांनी ते फक्त फोटोत पाहिलंय, याचं वाईट वाटतं. (खाणीत जाताना मालकाची परवानगी आणि डोक्यावर हेल्मेट, याला पर्याय नाही.)

फील्ड नोटबुक फेअर करू नका. मुलं घरी येऊन सुंदर अक्षरात परत लिहितात आणि मूळ वही टाकून देतात. अरे, तीच तर वही हवी असते! चिखलाचा डाग असलेली, खाडाखोड असलेली, स्केच वाकडं पण मापं आणि लोकेशन असलेली. मी इंटरव्ह्यूला आधी ती मागतो.

जीआयएसचं तसंच. सीव्हीत 'क्यूजीआयएस येतं' (नकाशे करायचं सॉफ्टवेअर) असं लिहिलेलं असतं. मी म्हणतो विहिरीभोवती ५०० मीटरचा बफर, म्हणजे तेवढ्या अंतराचं वर्तुळ, काढून दाखव. लेयर अक्षांश-रेखांशात तसाच ठेवलेला, मग ५०० टाकलं की सॉफ्टवेअर ५०० अंश समजतं आणि स्क्रीनवर काहीतरी भलतंच येतं, आणि समोरच्याला कळत नाही की चुकलं कुठे. लेयर आधी मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम झोन ४३ उत्तरमध्ये, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ मध्ये एक्स्पोर्ट करा, मग बफर काढा, पुण्यासाठी हाच झोन. सॉफ्टवेअर फुकट, सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या इमेज फुकट, जीएसआयचे नकाशे भूकोश पोर्टलवर, त्यामुळे लायसन्स नाही हे कारण आता चालत नाही. आपल्या गावाचा एक नकाशा सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करा, दहा सर्टिफिकेटं एका बाजूला आणि तो नकाशा एका बाजूला.

भूजलाकडे मुलं दुर्लक्ष का करतात मला कळत नाही. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यात, भूजलावर काम करणारी ॲक्वाडॅमसारखी संस्था पुण्यात, अटल भूजल योजना ज्या सात राज्यांत राबवली गेली त्यांत महाराष्ट्र आहे, आणि सेंट्रल ग्राउंड वॉटर बोर्डाची हायड्रोजिऑलॉजीची पदंही त्याच यूपीएससी परीक्षेतून भरतात. या कामात नवख्यांची चूक ठरलेली: गावात जायचं, रेझिस्टिव्हिटीचं (जमिनीत वीज सोडून तिला होणारा विरोध मोजणारं) मशीन लावायचं, कर्व्ह काढायचा आणि बोअरची जागा सांगून मोकळं व्हायचं. आधी शेजारच्या दहा विहिरी बघा ना! टेप सोडून पाण्याची पातळी घ्या, विहिरीच्या भिंतीत मुरूम कुठपर्यंत, सांधे कुठे, झरा कुठल्या थरातून येतोय ते वहीत उतरवून घ्या, म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारा मे महिन्यात पाणी कुठे जातं. शेतकऱ्याने आधीच नारळवाला पाणाड्या आणून जागा ठरवलेली असते, त्याच्याशी वाद घालू नका, त्याला त्याच्याच विहिरीतला थर दाखवा, तो ऐकतो.

मुलींसाठी स्वतंत्र लिहितो. माझ्या बॅचच्या एका मैत्रिणीला एका कंपनीने 'साइट तुम्हाला झेपणार नाही' म्हणून थेट रिपोर्ट रायटिंगला बसवलं, आणि दोन वर्षांनी अनुभव नाही म्हणून बढती नाकारली. मला आजही याचा राग येतो. इंटरव्ह्यूमध्येच विचारा की वर्षात किती दिवस साइट मिळेल, आणि ते लेखी घ्या. २०१९ मध्ये केंद्र सरकारने काही अटींवर भूमिगत खाणीतल्या कामालाही महिलांना परवानगी दिलीय, त्यामुळे 'बायकांना चालत नाही' एवढंच उत्तर मिळालं तर नियम विचारा.

इंटर्नशिपचा मेल मे महिन्यात पाठवू नका, तोवर जागा भरलेल्या असतात, जानेवारीत पाठवा. 'रिस्पेक्टेड सर' पासून सुरू होणारा आणि वीस जणांना एकदम गेलेला मेल कुणी वाचत नाही. पाच ओळी पुरेत, मी कोण, कुठल्या तारखा मोकळ्या, काय येतं, आणि सोबत एक नकाशा नि नोटबुकच्या दोन पानांचा फोटो.

आणि ज्यांची परीक्षेत दोन-तीन वर्षं गेलीच आहेत त्यांनी सीव्हीत ती लपवू नका, वर्षं लिहा, मेन्सपर्यंत गेला असाल तर तेही लिहा, आणि पुढचे सहा महिने एखाद्या जिओटेक्निकल किंवा भूजलाच्या कामावर कमी पगारात का होईना पण जा. तो कोअर बॉक्सवाला मुलगाही असाच होता, दोन वर्षांची गॅप. सोमवारपासून तो मुळशीच्या साइटवर लॉगिंगला, म्हणजे कोअरच्या नोंदी करायला, जातोय.