सिग्नलला गाडी थरथरते? थ्रॉटल बॉडीपासून इंजेक्टरपर्यंतची सफाई

गाडी न्यूट्रलमध्ये उभी असताना स्टिअरिंग थरथरतं, आरपीएमचा काटा ७००-८०० वर न टिकता वरखाली नाचतो, आणि रेस दिली की सगळं सुरळीत. एमपीएफआय, म्हणजे दर सिलिंडरला पेट्रोल फवारणारा वेगळा इंजेक्टर असलेल्या पेट्रोल गाडीत असं झालं की संशय मळावर जातो. आयडलला, म्हणजे रेस न देता नुसतं चालू असताना, इंजिन हवा आणि पेट्रोल इतकं थोडं घेतं की जरासा मळही मिश्रण बिघडवतो; रेस दिल्यावर तो फरक झाकला जातो. काटा स्थिर आहे आणि तरी केबिन हादरतंय? मग इंजिन माउंटिंग तपासा, सफाईवर पैसे घालवू नका.

आधी इग्निशनचा, म्हणजे ठिणगीचा, दोष नाही ना ते पाहून घ्या. मिसिंग असलेल्या, म्हणजे मधूनमधून पेट न घेणाऱ्या, सिलिंडरची कॉइल (ठिणगीला वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरवर बसवून पाहा. मिसिंग तिच्याबरोबर सरकलं तर दोष कॉइलचा. ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) असेल तर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो आहे ते. आयडलला ट्रिम +१० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला शून्याजवळ येत असेल, तर कुठल्यातरी व्हॅक्यूम होजमधून (इंजिनाला जोडलेल्या रबरी नळीतून) फुकटची हवा शिरते आहे. दोन्हीकडे जास्तच राहिला, तर पेट्रोल कमी पोचत असण्याची शक्यता मोठी.

सफाईची सुरुवात थ्रॉटल बॉडीपासून, म्हणजे इंजिनात जाणारी हवा झडपेने कमीजास्त करणाऱ्या भागापासून, करावी, कारण ती सर्वात स्वस्त आणि बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. इंजिन थंड असू द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, एअर फिल्टरकडून येणारा पाइप सैल करा. थ्रॉटल बॉडी क्लीनर कपड्यावर मारून झडपेची कड आणि तिच्या मागची काळी रेघ पुसा. हवा तिथूनच अडते. कार्ब्युरेटर क्लीनर नको, काही झडपांवरचा लेप त्याने निघतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप बोटाने जोरात ढकलू नका, आतले प्लास्टिकचे गिअर तुटतात. जुन्या केबलवाल्या गाडीत आयएसी व्हॉल्व्हही (आयडलची हवा सांभाळणारा) काढून पुसा. नंतर थोडा वेळ आयडल चढा राहतो. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, नव्याने जुळवून घेत असतो. काही गाड्यांत मात्र मॅन्युअलप्रमाणे किंवा स्कॅनरने ही जुळवणी (रिलर्न) मुद्दाम करावी लागते.

दुसरी पायरी टाकीत ओतायच्या क्लीनरची. डब्यावर पॉलिइथरअमाइन किंवा पीईए लिहिलेलं हवं. ऑक्टेन बूस्टर म्हणजे क्लीनर नव्हे. टाकी जवळपास रिकामी असताना बाटली ओता, मग बाटलीवर सांगितलेल्या लिटरांइतकं पेट्रोल भरा म्हणजे ते नीट मिसळेल. ती टाकी हायवेवर संपवलेली बरी. हे काम ऑइल बदलायच्या आधी करा, कारण थोडं क्लीनर ऑइलमध्ये उतरतं. दुप्पट डोसाने दुप्पट सफाई होत नाही.

एवढ्यावरही थरथर राहिली तरच इंजेक्टर काढायचे. इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत, म्हणजे रेलमध्ये, साधारण ३ बार दाब असतो; तो आधी उतरवा. गाडीच्या पेट्रोल पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन चालू करा, ते आपोआप बंद पडेल. पुन्हा एकदा सेल्फ मारा, मग बॅटरी काढा. तरीही पाइप सोडताना खाली कपडा धरा. सफाई अल्ट्रासॉनिक मशीनवर करून घ्या, आणि आधीचं व नंतरचं मोजमाप समोर दाखवायला सांगा: मशीनच्या चारही नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे, टोकातून थेंब गळता कामा नये. प्रत्येक इंजेक्टरच्या वरच्या-खालच्या ओ-रिंग (रबरी कड्या) नव्याच टाका, बसवताना इंजिन ऑइलचं बोट फिरवा. जुनी रिंग खालून हवा ओढते आणि आयडल पहिल्यापेक्षा वाईट होतो. सुरू करण्याआधी चावी दोन-तीनदा ऑन करून दाब भरू द्या, टॉर्चने गळती बघा.

सीएनजी गाड्यांचं वेगळंच दुखणं. पेट्रोलवर फक्त स्टार्ट, मग दिवसभर गॅस. इंजेक्टरच्या टोकाशी उरलेलं पेट्रोल इंजिनाच्या उष्णतेने वाळून चिकट थर होतो. अशी गाडी आठवड्यातून एकदा तरी २०-२५ किलोमीटर पेट्रोलवर पळवा. पेट्रोल महिनोन्‌महिने टाकीत पडू देऊ नका. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं, आणि पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी त्याला भरपूर दमट हवा पुरवते.