मुळशी-ताम्हिणीकडील जमिनींची मध्यस्थी करताना

पुण्यात राहून मुळशी, पानशेत किंवा ताम्हिणीच्या परिसरातील जमिनींची मध्यस्थी करायची असेल, तर कार्यालयाच्या पाटीआधी कागद वाचायला शिकावे. महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणात, नोंदलेल्या प्रकल्पातील भूखंड वा बंगले विकण्यासाठी एजंटाला स्वतःचीही नोंदणी करावी लागते. ती 5 वर्षांसाठी असते आणि त्याआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते.

खरी कसोटी मात्र शेतजमिनीची असते. धबधबा पाहून हरखलेल्या ग्राहकाला पहिला प्रश्न ‘तुम्ही शेतकरी आहात का?’ हाच विचारावा, कारण 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 नुसार बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. सातबाऱ्यावर इतर हक्कांच्या रकान्यात कूळ, बोजा (कर्जाची नोंद) किंवा बहिणींची नावे आहेत का, हे पाहून त्यामागचे फेरफारही, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीही, काढावेत. सातबारा कोरा दिसला म्हणून निर्धास्त होणारे एजंट मी बरेच पाहिले आहेत. वकिलाकडून जमिनीच्या मालकीचा 30 वर्षांचा शोध अहवाल घ्यावा, तर वनक्षेत्र, धरणासाठीचे संपादन आणि पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध संबंधित कार्यालयांत तपासावेत.

जागा एकदा तरी भर पावसात दाखवावी. उन्हाळ्यात दिसणारी वाट जुलैत ओढा झालेली असू शकते, आणि वहिवाटीची वाट नकाशावर असेलच असे नाही.

दलालीची रक्कम सुरुवातीलाच लेखी ठरवावी.