शेलमधे $ ला कोट्स लावताना या चुका टाळा

फाईलचं नाव आहे लग्नाचे फोटो.झिप, स्क्रिप्टमधे लिहिलंय आरएम $1 (आरएम म्हणजे फाईल उडवणारी कमांड, $1 म्हणजे स्क्रिप्टला दिलेलं पहिलं आर्ग्युमेंट, इथे फाईलचं नाव), आणि स्क्रिप्ट चालवताना नाव नीट कोट्समधे दिलंय तरी आरएम ओरडतं की 'लग्नाचे' अशी फाईलच नाही. कारण बाहेर दिलेले कोट्स आत येत नाहीत, फक्त व्हॅल्यू येते, आणि $1 च्या जागी व्हॅल्यू बसली की बॅश, म्हणजे आपल्या कमांड वाचून चालवणारा शेल, ती स्पेस, टॅब किंवा नवी ओळ दिसेल तिथे तोडतो, वर त्या तुकड्यांमधे * किंवा ? असेल तर जुळणाऱ्या फाईल्सची नावंही भरतो. त्याच फोल्डरमधे नुसती फोटो.झिप नावाची वेगळी फाईल असली तर ती गेलीच म्हणून समजा, आणि एरर मात्र पहिल्याच तुकड्याची दिसते. "$1" लिहा, झालं काम.

यावर बरेच जण करतात ते म्हणजे कोट्स व्हॅल्यूमधेच घालून ठेवायचे. याचा काही उपयोग नाही. व्हॅल्यूतून आलेला कोट बॅशला साधं अक्षर वाटतो, मग तुकडे तर पडतातच पण तुकड्याला कोटही चिकटलेला असतो. मग कोणीतरी इव्हॅल (मजकूर कमांड म्हणून चालवणारी सोय) सुचवतं, तिकडे अजिबात जाऊ नका, व्हॅल्यूत ; आणि पुढे भलतीच कमांड असली तर तीही चालेल. ऑप्शन्स साठवायचेत ना, अ‍ॅरे वापरा, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा ठेवणारी यादी.

उलट बाजूचा घोळ पासवर्डचा. "आंबा$123" असं डबल कोट्समधे दिलं की त्यातला $1 शेल बदलून टाकतो, टर्मिनलवर तो बहुतेक रिकामाच असतो, म्हणून हातात येतं आंबा23 आणि आपण सर्व्हरला शिव्या घालत बसतो. इथे सिंगल कोट्सच हवेत. पासवर्डमधे ! असेल तरी तेच, टर्मिनलवर बॅश त्याला हिस्टरी, म्हणजे आधीची कमांड परत आणायची खूण समजतो.

सगळे आर्ग्युमेंट्स पुढे पाठवायचे तर "$@", कारण "$*" सगळ्यांची मिळून एकच लांबलचक स्ट्रिंग करतं. आणि [ $1 = हो ] मधे $1 रिकामा असला की 'युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड' येतं, त्यालाही औषध तेच, "$1". पण "$1/*" असं सगळंच कोट्समधे कोंबू नका हं, मग * चालत नाही, "$1"/* असं लिहा.

मॅकवाल्यांनी जरा जपून, २०१९ च्या कॅटालिनापासून तिथे झेडशेल डिफॉल्ट आहे आणि तो कोट्स नसले तरी व्हॅल्यू तोडत नाही, त्यामुळे टर्मिनलवर मस्त चाललेली ओळ सर्व्हरवरच्या बॅशमधे फुटते. कोट्स लावूनही फुटत असेल तर ते “ ” असे वाकडे कोट्स आहेत का बघा, वर्डमधून कॉपी केलं की हमखास येतात.

राहिलं ते - ने सुरू होणारं नाव. कोट्स लावले तरी आरएम त्याला ऑप्शनच समजणार, म्हणून आरएम -- "$1", -- म्हणजे ऑप्शन्स इथे संपले.